यांच्या नावाचं कार्ड

"देवरे, बाईंच्या आतड्यात गाठ आहे. तुकडा तपासायला पाठवला होता, त्याचा रिपोर्ट आलाय. कॅन्सर आहे."

डॉक्टर हे माझ्या नवऱ्याकडे बघून बोलले. मी शेजारच्याच खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसले होते. आतडं माझं, गाठ माझी, आणि सांगतायत कुणाला तर यांना! एरवी मी तिथल्या तिथे सुनावलं असतं. त्या दिवशी तेही सुचलं नाही.

खरं सांगते, त्या क्षणी मला ना भीती वाटली ना रडू आलं. मला वाटलं, काहीतरी घोटाळा झालाय. अहो, मुळात कार्ड तर यांच्या नावाचं होतं! मी बोललेही तसंच. "डॉक्टर, नाव नीट बघता का?" डॉक्टरांनी कागद माझ्याकडे वळवला. मालती देवरे, स्त्री. मी ते तीनदा वाचलं. चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं.

ही गोष्ट दोन हजार साल उलटल्यानंतरची. मी तेव्हा पन्नाशीला टेकले होते. माहेर नामपूर, सासर देवळा, पण लग्न झालं तशी नाशिकला सिडकोत आले ती इथलीच झाले. हे अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेलेली. घरात आम्ही दोघंच.

आता आमच्या घरची एक रीत सांगते, कारण तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. आमच्याकडे काही टाकायचं नाही. यांच्या ताटात अर्धी भाकरी राहिली की ती माझी. यांचं खोकल्याचं औषध उरलं की ते माझ्या खोकल्याला. यांना कावीळ झाली तेव्हा आणलेल्या टॉनिकच्या दोन बाटल्या यांनी तोंड वाकडं करून ठेवून दिल्या, त्या मी संपवल्या. "टाकायचं कशाला?" हे माझं पालुपद. स्वतःसाठी म्हणून मी डॉक्टरकडे गेले ती फक्त बाळंतपणाला. बाकी सगळं यांच्या उरलेल्यात भागायचं.

त्या वर्षी मला दम लागायला लागला होता. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले की जिन्यात मध्येच टेकायची. शेजारच्या सोनवणेबाई म्हणायच्या, "मालतीताई, पांढऱ्याफटक दिसताय हो." मी म्हणायची, "वय झालं, पाळी जायची वेळ, असं होतंच." पोट उजवीकडे जडजड वाटायचं. हरभऱ्याची डाळ बाधली असेल म्हणून ओवा खायची. रक्त वगैरे काही दिसलं नाही हो कधी. एक थेंबही नाही. कॅन्सर म्हणजे रक्त पडणार, माणूस वाळून जाणार, असलंच काहीतरी माझ्या डोक्यात.

तेवढ्यात यांच्या कारखान्यात तपासणी शिबिर झालं. तिथल्या दवाखान्याचे डॉक्टर हौशी होते. पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक कामगाराला त्यांनी पाकीट वाटलं. आत पुठ्ठ्याचं एक कार्ड, त्याला तीन छोट्या खिडक्या, आणि आइस्क्रीमच्या चमच्यासारख्या लाकडी काड्या. तीन दिवस घरीच स्वतःच्या शौचाचा कणभर नमुना काडीने घ्यायचा, एकेका खिडकीत लावायचा, आणि कार्ड दवाखान्यात नेऊन द्यायचं. ऑकल्ट ब्लड टेस्ट म्हणतात तिला. ऑकल्ट म्हणजे लपलेलं. डोळ्याला न दिसणारं रक्त त्यात कळतं. ना सुई, ना दवाखान्यात झोपणं.

आमच्या यांनी ते वाचलं आणि पाकीट असं लांब धरलं जणू आत मेलेलं झुरळ आहे. "मी? काडीने उकरून? कागदाला फासू? त्या डॉक्टरचं डोकं फिरलंय!"

कांद्यांच्या देवळ्याचा माणूस, पण कांदे नाकाने सोलणारा. स्वतःचा रुमाल स्वतः धुवायचा नाही, तो हे काय करणार! पाकीट फ्रिजवर जाऊन पडलं. पण दवाखान्यातला कंपाउंडर चिवट. रोज गेटवर गाठायचा, "देवरेसाहेब, तुमचंच राहिलंय." चार लोकांत असं विचारलं की यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. शेवटी एका संध्याकाळी पाकीट माझ्यापुढे टाकून म्हणाले, "तूच बघ बाई काय ते. बँकेच्या स्लिपा भरतेस, माझी बिलं भरतेस, तसं हेही भर."

मी म्हटलं, बघते. मला कसली आलीय घाण? पोरीचे लंगोट धुतले, सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं सगळं केलं. चांगलं कोरं कार्ड, फुकट आलेलं, ते टाकायचं कशाला? तीन दिवस मी माझाच नमुना लावला. कार्डावर यांचं नाव आधीच घातलेलं होतं. कोण बघायला येतंय! अडचण एकच, ते ठेवायचं कुठे? आमच्या सिडकोच्या घरात देवघर आणि संडास यांच्यात एक भिंत. शेवटी बाथरूमच्या खिडकीत, साबणाच्या पुडीमागे ठेवलं आणि देवाला मनातल्या मनात हात जोडले. चौथ्या दिवशी यांनी ते पाकीट दोन बोटांत धरून नेलं. कुणाचं आहे हे विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. विषय संपला.

नंतर एकदा मी मेथी निवडत बसले होते. भरदुपारी हे घरात आले. जोडे न काढता थेट आत! लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस जोडे घालून कधी उंबऱ्याच्या आत आला नव्हता. मी ओरडणार, तोच यांचा चेहरा दिसला.

"डॉक्टरांनी बोलावलं होतं," हे म्हणाले. "म्हणाले, देवरे, टेस्ट पॉझिटिव्ह आहे, रक्त सापडलंय, पुढच्या तपासण्या करायला हव्यात. मला हसूच आलं. मी म्हटलं, साहेब, रागावू नका, पण ते माझं नव्हतंच."

"मग?"

"मग ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, मग कुणाचं?"

हे तसेच उभे. माझ्या हातात मेथीची जुडी. बाहेर भंगारवाला ओरडत होता, त्याचं ओरडणं मला अजून ऐकू येतं.

"मालती, कुणाचं होतं गं?"

"माझं," मी म्हटलं. "दुसरं कुणाचं असणार?"

ती जुडी मी पुन्हा बांधून ठेवली, न निवडता. का, ते मलाही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी हे मला कारखान्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं, रागावले नाहीत. त्यांनी माझी खालची पापणी ओढून आतला फिकट रंग बघितला. मग विचारलं, "त्या दिवसांत मटण खाल्लं होतं?" खाल्लं होतं, रविवारी. म्हणाले, मटणामुळेही कधी कधी टेस्ट फसते, मुळ्यामुळेही फसते. आता तीन दिवस पथ्य पाळा आणि पुन्हा करा. त्यांनी नवं कार्ड काढलं आणि त्यावर माझं नाव लिहिलं.

मटण! मी त्या मटणाला घट्ट धरून बसले. येताना रस्ताभर यांना सांगत होते, अहो मटणच ते, मी दोन वेळा वाढून घेतलं होतं.

आणि मग एक अजबच झालं. ज्या बाईने नवऱ्याच्या नावाच्या कार्डावर तीन दिवस बिनदिक्कत काडी फिरवली, तिला स्वतःच्या नावाचं कार्ड उघडवेना. आधी मी म्हटलं, आज संकष्टी आहे. मग म्हटलं, पुण्याहून मुलगी यायची आहे, पाहुण्यांत कुठे असलं काही. मग म्हटलं, पोट बिघडलंय. कार्ड त्याच फ्रिजवर पडून राहिलं, आणि आता मीही त्याच्याकडे मेल्या झुरळासारखी बघत होते. यांना वाटलं मला किळस येतेय. किळस कसली कप्पाळाची! दुसऱ्याच्या नावाने काही निघालं तर ते परक्याचं. आपल्या नावाने निघालं तर जाणार कुठे? पाचावर धारण बसली होती माझी, आणि ती मी संकष्टीच्या नावावर खपवत होते.

एक दिवस हे कामावरून आले आणि खिशातून दुसरं पाकीट काढलं.

"हे कुणाचं?"

"माझं. मी माझं करतो, तू तुझं कर."

मी बघतच राहिले. सकाळी हा माणूस नाकाला रुमाल बांधून, हातात पेटती उदबत्ती घेऊन संडासात गेला. आतून "शी! शी!" असा जप चालू होता. मला हसू आवरेना. बाहेर आले तेव्हा घामाघूम, जणू विहीर खणून आलेत. हात तीनदा धुतले आणि म्हणाले, "झालं माझं. जा आता."

मी आत गेले. बाहेर पाट सरकवल्याचा आवाज आला. हे दाराशी बसले होते.

"अहो, तुम्ही काय दारात बसून पहारा देणार? उठा तिथून!"

"मी आहे इथे," हे म्हणाले. "तू निवांत कर."

मी काडी हातात घेतली आणि मला इतकं रडू आलं. पण केलं. तिन्ही दिवस केलं, आणि तिन्ही दिवस हे बाहेर पाटावर बसून होते.

दोन्ही कार्डं आम्ही बरोबरच नेली. डॉक्टर म्हणाले, बघा, तुमच्यासमोरच करतो. टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. औषधाचा एकेक थेंब टाकायचा, रक्त असेल तर कडा निळी होते. यांच्या कार्डावर थेंब पडले. काही नाही. कागदासारखा कागद. मग माझ्या कार्डावर. पहिली खिडकी निळी झाली. दुसरी झाली. तिसरी तर थेंब पडतो न पडतो तोच. शाळेत शाईची दौत सांडावी तसा तो निळा रंग पसरत गेला. माझं मटण तिथेच संपलं.

यांनी टेबलाखाली माझा हात धरला. चारचौघांत यांनी माझा हात तोवर कधी धरला नव्हता. मला त्याचाच जास्त धक्का बसला.

डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. या टेस्टने कॅन्सर आहे असं ठरत नाही, फक्त आत बघायला हवं एवढंच ठरतं. मूळव्याध असेल, साधी जखम असेल. पण बघायला हवंच." हे वाक्य तुम्हीही लक्षात ठेवा. उलटही खरं आहे. कार्ड कोरं निघालं म्हणून त्रास अंगावर काढायचा नाही.

आत बघणं म्हणजे कोलोनोस्कोपी. गुदद्वारातून बारीक लवचिक नळी घालतात, तिच्या टोकाला कॅमेरा असतो, आणि सगळं मोठं आतडं टीव्हीवर दिसतं. गंगापूर रोडवरच्या एका खासगी हॉस्पिटलात ती केली. तपासणीपेक्षा आदल्या दिवशीचं खारट पाणी वाईट. तांब्यामागून तांब्या प्यायचं आणि पळायचं. तपासणीच्या वेळी गुंगी देतात, फारसं काही कळत नाही. मला एवढंच आठवतं की डॉक्टर मघापासून नर्सशी गप्पा मारत होते, आणि एकाएकी त्यांच्या गप्पा थांबल्या.

गाठीचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवतात, त्याला बायोप्सी म्हणतात. तिचा रिपोर्ट यायला आठवडा गेला. आणि मग ती खुर्ची, ती पर्स, आणि "देवरे, बाईंच्या आतड्यात गाठ आहे."

तिथून खाली उतरलो. हे स्कूटरला किक मारत राहिले. मारतायत, मारतायत. शेवटी मी म्हटलं, "किल्ली लावली का?" किल्ली यांच्या हातातच होती. तेव्हा हे फुटपाथवर बसले आणि रडले. मी उभी. माझ्या डोळ्यांत टिपूस नाही. मला सारखं वाटत होतं, सकाळी आपण दूध तापवून ठेवलं, कुकर लावला, भांडी घासली, आणि हे आत तेव्हाही होतं? सोनवणेबाईंच्या मुलीच्या हळदीत मी नाचले, तेव्हाही होतं? आपल्याच पोटात आपल्याला न विचारता कुणी राहतं आणि आपण त्याला ओवा खायला घालतो!

नामपूरहून आई आली. सत्तरी ओलांडलेली. माझ्या पोटावर हात ठेवून म्हणाली, "काय व्हयनं व माय तुले? माले काब्र नई सांगं?" मला का सांगितलं नाहीस, असं आईने विचारलं तेव्हा कुठे मी रडले. आईच्या लुगड्यात तोंड खुपसून मोठ्याने रडले, आणि सोनवणेबाई धावत आल्या तरी थांबले नाही.

ऑपरेशनआधी दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातलं प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य, निम्म्यावर आलं होतं. ती गाठ महिनोन् महिने थेंबथेंब रक्त सांडत होती आणि मी यांचं उरलेलं टॉनिक पीत होते. मग उजव्या बाजूचं आतडं काढून उरलेलं जोडलं. बाहेर पिशवी लावावी लागेल का, हा माझा सगळ्यात मोठा घोर होता. लागली नाही. आसपासच्या बारीक ग्रंथी, ज्यांना लिम्फ नोड म्हणतात, त्या स्वच्छ निघाल्या. म्हणजे आजार आतड्याच्या बाहेर पडला नव्हता. केमोथेरपी, म्हणजे कॅन्सर मारायची जहाल औषधं, तीही नको म्हणाले, फक्त तपासणीला येत राहा.

सर्जन राउंडला आले तेव्हा म्हणाले, "त्या कार्डाने वाचवलं हं तुम्हाला. नाहीतर वर्षा-दोन वर्षांनी पोट अडल्यावर आला असतात. तेव्हा माझ्या हातात किती राहिलं असतं, सांगवत नाही."

ते गेले आणि मी पडल्या पडल्या विचार करायला लागले. केला तसा अंगावर काटा आला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे यांनी गुमान स्वतःची टेस्ट केली असती तर? कार्ड कोरं निघालं असतं. डॉक्टर म्हणाले असते, शाब्बास देवरे. यांनी येताना पेढे आणले असते, आणि मी त्यातला एक खाऊन जिन्यात दम खात बसले असते. मला कुणी कार्ड देणारच नव्हतं. कार्ड कामगाराला होतं, कामगाराच्या बायकोला नव्हतं. नवऱ्याला किळस आली म्हणून मी जिवंत आहे! काय म्हणावं याला? मी यांना हे सांगितलं तर यांचा चेहरा पांढरा पडला. कारखान्याच्या डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी डोक्याला हात लावला. पुढच्या वर्षीपासून त्यांनी प्रत्येक पाकिटात दोन कार्डं घातली.

पण बायांनो, यातून भलता धडा घेऊ नका. मी नशिबाने वाचले, शहाणपणाने नाही. असल्या नशिबावर कुणी संसार करत नाही.

हॉस्पिटलात पहिल्यांदा खायला मिळालं ते मऊ भात आणि मुगाचं वरण. चार घास गेले, पुढे जाईना. मी वाटी सरकवली. हे बाजूला बसले होते. यांनी वाटी उचलली, माझाच चमचा घेतला आणि उरलेलं खायला लागले. माझा उष्टा चमचा! नाकाने कांदे सोलणारा माणूस!

"अहो, राहू द्या ना ते," मी म्हटलं.

"टाकायचं कशाला?" हे म्हणाले, आणि वाटी पुसून खाल्ली.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. दर वर्षी दोन कार्डं येतात, दोघं आपापलं करतो. उदबत्ती अजून लागते. मी ठणठणीत आहे. जिना एका दमात चढते, आणि माझ्या दम लागण्यामागे काय होतं हे ऐकणाऱ्याला आणि न ऐकणाऱ्यालाही सांगते. भिशीत सांगितलं तेव्हा बायकांनी पदर तोंडाला लावले. एक म्हणाली, "आमच्यात नाही चालत असलं." मी म्हटलं, "कॅन्सर चालतो का?" चहा गार झाला सगळ्यांचा. पण दोघी-तिघी नंतर हळूच येऊन विचारून गेल्या.

परवा सोनवणेबाई आल्या. त्यांना पन्नास पूर्ण झाली, त्यांच्या डॉक्टरांनी कार्ड दिलेलं. पदराआडून ते पाकीट काढलं, माझ्यापुढे धरलं आणि लाजत लाजत म्हणाल्या, "मालतीताई, तुम्हाला सवय आहे हो. माझं तेवढं तुम्हीच करून देता का?"

एवढं रामायण मी हिला दहा वेळा सांगितलं, आणि ही बाई मला विचारते! तोंडात आलेल्या शिव्या मी गिळल्या. कारण ती त्या पाकिटाकडे मेल्या झुरळासारखी बघत होती, आणि ते बघणं मला ओळखीचं होतं. पाकिटावर नाव घालायची जागा कोरीच होती. मी पेन आणलं, तिच्या हातात दिलं, तिच्याकडून नाव लिहून घेतलं. मग तिला दंडाला धरून तिच्याच घरी नेलं, आत ढकललं, आणि दाराबाहेर पाट टाकून बसले.

बराच वेळ आतून काही आवाज नाही. मग बारीक आवाजात, "ताई? गेलात का?"

"नाही गं," मी म्हटलं. "मी आहे इथे. तू निवांत कर."